पायी चालणाऱ्यांनी वसवलेली गावे: डिचोली आणि पेडणे

वारसा म्हटला की आपल्याकडे देऊळ, किल्ला, वाडा, वीरगळ अशी यादी तयार असते. पायवाट त्या यादीत येत नाही. या टिपणात मला एवढेच मांडायचे आहे: डिचोली आणि पेडणे ही गावे पायी चालणाऱ्यांच्या सोयीने वसली, आणि आज ती पुन्हा चालण्याजोगी करायची तर पहिले काम जुन्या वाटांची नोंद करण्याचे आहे. मी पेशाने स्थापत्य अभियंता, इतिहास नंतर स्वतःच्या हौसेने शिकलो. त्यामुळे मध्ये थोडे गणितही येईल.

वाड्यांची नावे काय सांगतात

डिचोलीत बंदरवाडा आहे आणि सुंदरपेठही आहे. बंदर आणि पेठ, गावाचा अर्धा आराखडा या दोन नावांतच आला. माल नदीने यायचा, तिथून डोक्यावरून पेठेत जायचा. बुधवारच्या बाजाराला आसपासच्या गावांतून माणसे यायची ती बहुतेक चालतच. सकाळी निघून, भाजी विकून, मीठमिरची घेऊन दिवेलागणीला घरी पोचता आले पाहिजे, हा हिशेब त्यामागे होता. म्हापशाचा बाजार शुक्रवारी, डिचोलीचा बुधवारी. आठवड्याचे वार असे वाटून घेतलेले असले की विकणारा तोच, गाव फक्त बदलायचा.

देवाच्या वाटाही अशाच. 1540च्या सुमारास दिवाडी बेटावरचे सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ पाडले गेले, तेव्हा देव नदीपार नार्व्याला आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडी ते नार्वे फेरीबोट आजही चालते. फेरीबोटीतून उतरले की पुढे देवळापर्यंत चालायचे, हा क्रम शतकानुशतके बदललेला नाही.

पेडण्याचे तसेच. बाजार, दगडी हत्तींचे भगवतीचे देऊळ, देशप्रभूंचा वाडा हे सगळे पायी फिरून बघता येते. कोजागिरीच्या पुनवेला तर सगळा तालुका तिथे लोटतो.

वाट जवळची का असते

आपल्याकडे वस्ती डोंगराच्या पायथ्याशी, वर जांभ्याचा सडा, खाली शेत आणि व्हाळ. समजा, दोन वाड्यांमध्ये वीस मीटरची चढण आहे. गाडीचा रस्ता साधारण वीसास एक या चढाने न्यायचा तर चारशे मीटर लांबी लागते, म्हणजे वळसा आलाच. तीच चढण जांभ्याच्या पायऱ्यांनी, दर पायरी पंधरा सेंटीमीटर उंच आणि पंचेचाळीस रुंद धरली, तर साठ मीटरमध्ये संपते. जुन्या माणसांनी कागदावर हे मांडले नव्हते, पण घाटीतली पाऊलवाट नेमकी तशीच उतरते. व्हाळावर साकव, शेतात बांध, वाटेवर विहीर. हा रस्तेबांधणीचाच एक प्रकार आहे, फक्त मोजमाप चाकाचे नसून पावलाचे आहे.

2011च्या जनगणनेत डिचोली शहराची वस्ती सुमारे 17 हजार आणि पेडण्याची सुमारे 5 हजार होती. ताशी चार किलोमीटर धरले तर पंधरा मिनिटांत एक किलोमीटर होतो. मध्यवस्तीतली शाळा, बाजार, कचेरी, बसस्थानक यांची बरीच कामे एवढ्यात बसतात. तरी नारळ आणायलासुद्धा आपण स्कूटर काढतो. का?

तुटलेले दुवे

याला एकच कारण नाही. मुक्तीनंतर रस्ते झाले, 1980 मध्ये कदंब महामंडळ आले, ते चांगलेच झाले. बसचा प्रवासी दोन्ही टोकांना चालतो, म्हणून बस वाटेची वैरी नव्हे. पण डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक आले आणि रस्त्याची कड धुळीची व धोक्याची झाली. 2012च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ट्रकही थांबले. तोपर्यंत पोरांना चालत शाळेत पाठवायची सवय पुष्कळ घरांतून गेली होती. पेडण्यात राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, मालपे भागात डोंगर कापला गेला. गाडीला वेळ वाचतो, पण असा रस्ता ज्या वाटेला आडवा पडतो तिथे चालणाऱ्याला ओलांडण्याची जागा शोधत फिरावे लागते.

सर्वांत गुपचूप काम केले ते चिऱ्यांच्या कुंपणांनी. पूर्वी गडग्याला वाटेपुरती फट ठेवलेली असे. जमीन विकली गेली, नवी भिंत आली, फट बुजली. वाट कोणाच्या नावावर नसते, ती चालल्यानेच जिवंत राहते. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेनेही मानला होता. पण हक्क सांगायला साक्ष लागते, आणि ती साक्ष आज ऐंशीच्या घरातल्या माणसांकडे आहे.

आता काय करता येईल

भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. बाजारात, बसस्थानकापाशी, शाळेसमोर हे पदपथ हवेतच. व्हीलचेअरला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला पायऱ्या काय कामाच्या? त्यांच्यासाठी सपाट, सलग कड पाहिजे. पण वाड्यावाड्यांतली जवळची वाट उघडली, साकव दुरुस्त केला, एक दिवा लावला, तर कमी खर्चात जास्त माणसे चालू लागतील, असे माझे मत आहे.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या वाड्यावरची एक वाट निवडा. तिचे नाव, कुठून कुठे जाते, कोण आणि कशासाठी चालत होते, पायऱ्या, साकव, विहीर कुठे आहे आणि ती आता कुठे अडली आहे, एवढे लिहून मंडळाकडे पाठवा. जाणत्या माणसाला बरोबर घेऊन चाला, त्याने दाखवलेली प्रत्येक खूण फोटोत घ्या. पावसाळ्यात वाट रानात बुजते, तेव्हा हे काम त्याआधी झालेले बरे. पालिकेने किंवा पंचायतीने उद्या वाट उघडायची ठरवली, तर ती नेमकी कुठून जात होती हे सांगणारा कागद तरी आपल्याकडे असेल.