हिब्रू धर्मग्रंथाचा उगम आणि कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपरा

मराठी वाचक ज्याला ‘जुना करार’ म्हणून ओळखतो, तो ज्यूंचा हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे एक पुस्तक नसून चोवीस ग्रंथांचा संग्रह आहे. तोरा म्हणजे पाच नियमग्रंथ, नेवीम म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि केतुवीम म्हणजे इतर लेखन. या तीन नावांच्या आद्याक्षरांवरून ज्यू त्याला ‘तनाख’ म्हणतात. बहुतेक मजकूर हिब्रूत, तर दानीएल आणि एज्रा यांचा काही भाग अरामीत आहे. हा संग्रह कोणी व केव्हा लिहिला आणि त्यातला इतिहास किती खरा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. उशिरा लिहिलेल्या मजकुरात जुनी आणि खरी आठवण असू शकते. प्राचीन मजकुरातही दंतकथा असते.

परंपरेने तोराचे कर्तृत्व मोशेकडे दिले. पण ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या शेवटी मोशेच्याच मृत्यूची आणि दफनाची हकीकत येते. बाराव्या शतकातला भाष्यकार इब्न एज्रा याने अशा जागा सूचकपणे दाखवल्या. स्पिनोझाने 1670 मध्ये उघड लिहिले की हे पाच ग्रंथ मोशेचे नव्हेत. 1753 मध्ये फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने ‘उत्पत्ति’ ग्रंथात देवासाठी दोन वेगळी नावे येतात, तिथे दोन वेगळे मूळस्रोत असावेत, असे मांडले. आस्त्रुकचा हेतू मोशेचे कर्तृत्व वाचवण्याचा होता. मोशेने जुनी टिपणे वापरली, एवढेच त्याला म्हणायचे होते. त्याची रीत मात्र पुढच्या अभ्यासकांनी फार दूरवर नेली. डी वेटे याने 1805 मध्ये ‘अनुवाद’ ग्रंथाचा संबंध योशिया राजाच्या काळाशी, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकाशी जोडला. 1878 मध्ये यूलिउस वेलहाउझेन याने चार मूळस्रोत वेगवेगळ्या काळांत रचले जाऊन एकत्र विणले गेले, अशी मांडणी केली. त्या चार धाग्यांच्या सीमा आज तशाच्या तशा फारसे कोणी मानत नाही. तोरा अनेक हातांनी, अनेक शतकांत घडली आणि बाबिलोनच्या बंदिवासानंतर तिला आजचे रूप आले, हे मत मात्र बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

एकोणिसाव्या शतकापासून जमिनीतून निघालेले पुरावे या वादात आले. इजिप्तच्या मर्नेप्टाह राजाच्या इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव लोकसमूहाचे नाव म्हणून येते. 1868 मध्ये सापडलेल्या मेशाच्या शिलालेखात मवाबचा राजा इस्राएलवरच्या विजयाची फुशारकी मारतो. तेल दान येथे 1993 मध्ये मिळालेल्या अरामी लेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख वाचला जातो. अश्शूरच्या सन्हेरीबने इ.स.पू. 701 मध्ये यहूदावर केलेली स्वारी बायबलातही आहे आणि त्या राजाच्या स्वतःच्या लेखातही आहे. यहूदाच्या हिज्किया राजाने दिलेल्या खंडणीवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. यरुशलेम का वाचले, याची कारणे मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने दिली. बंदिवान राजा यहोयाखीन याला बाबिलोनमध्ये मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याच्या नोंदीही मातीच्या पाट्यांवर आहेत. इस्राएल लोक इजिप्तमधून बाहेर पडल्याच्या, म्हणजे निर्गमाच्या कथेला मात्र तिथून असा थेट दुजोरा मिळालेला नाही. कॅथलीन केन्यन यांच्या 1952 ते 1958 च्या उत्खननात यहोशवाच्या स्वारीशी जुळेल असा यरीहोचा तटही सापडला नाही. थोडक्यात, राजघराण्यांच्या काळाकडे यावे तसा आधार दाट होतो, मागे जावे तसा विरळ होतो.

मजकूर किती शुद्ध उतरला, हा आणखी वेगळा मुद्दा. 1947 पर्यंत हिब्रूतल्या जुन्यात जुन्या मोठ्या हस्तलिखित प्रती दहाव्या-अकराव्या शतकातल्या होत्या. पूर्ण ग्रंथाची आज वापरात असलेली प्रत 1008 ची. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत मिळालेल्या गुंडाळ्यांनी हा काळ एकदम हजारभर वर्षे मागे नेला. यशयाची सव्वासात मीटरहून लांब गुंडाळी आजच्या पाठाशी मोठ्या प्रमाणात जुळते. पण त्याच गुहांत यिर्मयाच्या ग्रंथाचे लांब आणि आखूड असे दोन्ही पाठ निघाले. जपणूक आणि बदल, दोन्हींचा पुरावा एकाच ठिकाणी मिळाला.

प्रती ताडून पाठ ठरवण्याचे हे काम महाराष्ट्राला परके नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेली पाठचिकित्सेची शिस्त जगात आदराने अभ्यासली जाते. फरक इतकाच की पुण्याच्या संपादकांनी अनेक प्रतींतून एक पाठ सिद्ध केला, तर हिब्रू बायबलाच्या प्रचलित आवृत्तीत 1008 ची एकच प्रत छापून पाठभेद तळटीपांत देतात.

लिखित उल्लेख आणि उत्खनन एकमेकांना कसे भेटतात, याचे ठळक उदाहरण धाराशिव जिल्ह्यात आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर सांगितले आहे. 1901 मध्ये अभ्यासक फ्लीट यांनी ते शहर म्हणजे संत गोरा कुंभारांचे तेर, हे दाखवून दिले. पुढे तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तूंनी रोमन जगाशी असलेला व्यापार उघड केला. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी नाते सांगते. तोच ग्रंथ कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावे घेतो. तांबड्या समुद्राकडून कोकणाकडे जहाजे नियमित येत होती, ही गोष्ट त्यामुळे पक्की आहे. कोकणातल्या ज्यू समाजाच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या परंपरेचा विचार याच पार्श्वभूमीवर करावा लागतो.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, आणि वाचलेल्यांपासून समाज वाढला, असे ही परंपरा सांगते. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. आडनावे केहिमकर, राजपूरकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली. तोरा त्यांच्याजवळ नव्हती, हिब्रू वाचता येत नव्हते. सुंता, शब्बाथ, खवले आणि कल्ले असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढेच उरले होते. दावीद रहाबी नावाच्या माणसाने याच खुणांवरून त्यांना ओळखले आणि धर्म शिकवला, असे मानतात. हा रहाबी केव्हाचा, यावर एकमत नाही: परंपरा त्याला खूप मागे नेते, तर काही अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी घालतात.

या समाजाचा पहिला मोठा इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर. मुंबईत 1875 मध्ये समाजाची शाळा काढणाऱ्या केहिमकरांनी आपला इतिहास 1897 मध्ये पूर्ण केला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवमध्ये. त्यांनी आगमनाचा काळ इ.स.पू. 175 च्या सुमाराला ठेवला. एक कारण असे दिले जाते की हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता, आणि तो सण ज्या घटनेवर आधारला आहे ती त्यानंतरची आहे. युक्तिवाद चतुर आहे, पण पुरेसा नाही. ज्यांनी ग्रंथ आणि भाषा दोन्ही गमावली, त्यांनी एखादा सणही गमावला असेल. न सापडण्यावरून ‘नव्हतेच’ असे ठरत नाही. चौदा जणांचा आकडाही विचार करायला लावतो: परशुरामाने समुद्रातून आलेली चौदा प्रेते जिवंत केली, अशी चित्पावनांची उत्पत्तिकथा त्याच किनाऱ्यावर सांगितली जाते. कोणी कोणाची कथा उचलली याचा निवाडा करण्यापेक्षा, दोन्ही कथा एकाच किनाऱ्याच्या बोलीत घडल्या, हे मान्य करणे अधिक रास्त.

तरी मूळ धागा खोटा ठरत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. वर्ष, आकडा आणि जहाज यांना तो अभ्यास दुजोरा देत नाही. पश्चिमेकडून ज्यू पूर्वज आले, या गाभ्याला देतो. हिब्रू ग्रंथातल्या जुन्या कथांबद्दल सावध अभ्यासक जे म्हणतात, ते इथेही लागू पडते: गाभा आणि तपशील यांची परीक्षा वेगवेगळी करावी.

मग एकोणिसाव्या शतकात ग्रंथ या समाजाकडे परतला, आणि तो मराठीचा हात धरून परतला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. धर्मांतराचा मिशनऱ्यांचा हेतू फारसा सफल झाला नाही. शिकलेली तरुण पिढी मात्र आपल्याच धर्माकडे अभ्यासू नजरेने वळली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 पासून अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर साकी, दिंडी, ओवीची कीर्तनेही उभी राहिली. ग्रंथाविना जगलेला समाज आता त्याच ग्रंथातल्या कथा टाळ-मृदंगावर सांगू लागला. या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

याच परंपरेच्या कडेला पंडिता रमाबाईंचे काम येते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापून पूर्ण झाले. जुळणी आणि छपाई आश्रमातल्या स्त्रियांनी केली होती.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच काही धर्मगुरूंनी शंका घेतली. आंदोलनानंतर 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्यांनी ग्रंथ हाती नसताना शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना हे सिद्ध करावे लागणे अन्यायाचेच होते. नवगाव, अलिबाग, पेण, मुंबई, पुणे आणि इस्राएलमधल्या घरांत ज्यांच्याकडे कीर्तनांच्या हस्तलिखित वह्या, मराठी हग्गादा किंवा जुनी पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. एखाद्या ग्रंथालयाला द्यावीत किंवा निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.