माणसाला जागा किती लागते? अंतराळ वसाहत ते बीडीडी चाळ

दहा हजार माणसं कायमची राहू शकतील अशी एक वस्ती अंतराळात उभारायची आहे. हवा, पाणी, अन्न, शाळा, दवाखाना, सगळं तिथंच. करा डिझाइन!

हा प्रकल्प शाळेतल्या मुलांना खरोखर दिला जातो. नासाच्या एम्स केंद्राने 1994 मध्ये त्याची स्पर्धा सुरू केली. आता ती अमेरिकेतली नॅशनल स्पेस सोसायटी चालवते. भारतातल्या शाळांमधूनही तिला भरपूर प्रवेशिका जातात. आज या अभ्यासक्रमाचा इतिहास थोडक्यात सांगतो आणि मग त्यातल्या एकाच आकड्यापाशी थांबतो. तो आकडा आपल्याला थेट वरळी-नायगावला घेऊन येतो.

सुरुवात वर्गातच झाली. 1969 मध्ये प्रिन्स्टनला जेरार्ड ओनील पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांनी हुशार मुलांच्या एका छोट्या गटाला विचारलं, की वाढत्या तंत्रज्ञान-संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? मुलांची उत्तरं आणि गणितं 'नाही'कडे झुकली. ओनील यांचा यावरचा लेख बरीच वर्षं नाकारला गेला आणि शेवटी सप्टेंबर 1974 मध्ये 'फिजिक्स टुडे'त छापून आला. पुढच्याच उन्हाळ्यात नासा आणि स्टॅनफर्डने दहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग भरवला. त्यात अभियांत्रिकी, विज्ञान, समाजशास्त्र आणि वास्तुरचनेचे 19 प्राध्यापक होते, शिवाय काही विद्यार्थी. त्यातून निघालेलं डिझाइन म्हणजे 'स्टॅनफर्ड टोरस', मेदूवड्याच्या आकाराची फिरती वसाहत. तिचा अहवाल 1977 मध्ये प्रसिद्ध झाला.

यातलं भौतिकशास्त्र अकरावी-बारावीचंच आहे. वसाहत स्वतःभोवती फिरली की आतल्या माणसाला 'वजन' जाणवतं. फार वेगाने फिरवली तर माणसांना गरगरतं, म्हणून मिनिटाला एकच फेरी ठरवली. मग पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर त्रिज्या किती? जी भागिले ओमेगा वर्ग, म्हणजे सुमारे 895 मीटर. कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होतं.

पण मला त्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हे सूत्र वाटत नाही. तिथे एक साधा तक्ता आहे: दरडोई किती जागा लागेल याचा. शेतीला 61 चौरस मीटर, सार्वजनिक मोकळ्या जागेला 10, शाळेला 1 आणि राहण्यासाठी 49. या 49 मध्ये घर, घरालगतची खासगी मोकळी जागा आणि पायवाट येते. वसाहत केवढी होणार, चंद्रावरून किती माल आणावा लागणार, हे बऱ्याच अंशी या तक्त्यावर ठरतं. आणि 49 हा आकडा काही निसर्गनियमातून येत नाही. तो माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवलेला आहे.

आता मुंबईत येऊ. मराठीत 'वसाहत' म्हटलं की आपल्याला आधी पोलीस वसाहत, कामगार वसाहतच आठवते, आणि ते बरोबरच आहे. कारण दरडोई जागेचा तक्ता या शहरात फार आधी मांडला गेला. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट' स्थापन झालं. गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या अशी योजना होती, आणि त्यासाठी कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला मिळून 207 चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, मधून लांब पॅसेज, संडास सामायिक. एक खोली 160 चौरस फूट.

म्हणजे सुमारे 15 चौरस मीटर. पाच माणसांचं घर धरलं तर दरडोई तीन!

हे डिझाइनही टेबलाभोवतीच झालं होतं. कामगार कुठे राहायला तयार आहे, गिरणीपर्यंत कसा जाणार, भाडं परवडेल का, हे त्याला कुणी फारसं विचारलं नाही. परिणामी वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची अनेक वर्षं रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यातल्या काही चाळींचा सरकारने चक्क तात्पुरता तुरुंग केला.

पुढे चाळी भरल्या, गजबजल्या. नकाशात जो फक्त जाण्या-येण्याचा पॅसेज होता, तिथे माणसं झोपली, मुलांनी अभ्यास केला, बारशी झाली. तक्त्यात नसलेली जागा लोकांनी स्वतः निर्माण केली. अर्थात याचं गोडवे गाणारं वर्णन मला करायचं नाही, कारण ती अडचणीतून काढलेली वाट होती. संडासाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला 'चाळ संस्कृती'चं कौतुक ऐकवून उपयोग नसतो.

आज त्याच चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. पुनर्विकासात प्रत्येक कुटुंबाला 500 चौरस फुटांचं घर आहे, म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. स्टॅनफर्ड टोरसमध्ये एका माणसाच्या वाट्याला जेवढी जागा होती, त्याहून थोडी कमी जागा इथे अख्ख्या कुटुंबाला मिळते आहे, तीही शंभर वर्षांनी.

म्हणून मला वाटतं, हा अभ्यासक्रम परळ-लालबागच्या शाळेत जरूर शिकवावा, पण सुरुवात त्रिज्येपासून करू नये. आधी मुलांना टेप घेऊन आपलं घर मोजायला लावावं आणि दरडोई आकडा काढायला सांगावा. मग आजी-आजोबांना विचारावं, की याच जागेत पूर्वी किती जण राहायचे, कोण कुठे झोपायचं, आणि एकच गोष्ट वाढवून मिळाली असती तर काय मागितलं असतं? त्यानंतर टोरसचा तक्ता उघडावा आणि प्रत्येक आकड्यापुढे आपला आकडा लिहावा, कारणासह.

49 च्या जागी मुलं 20 लिहितील की 80, मला माहीत नाही. पण तो आकडा कुणी ठरवायचा असतो, हा प्रश्न त्यांना नक्की पडेल. मोजून पाहा तुम्हीही. तुमच्या घराचा दरडोई आकडा किती येतो?