वाताचा ऋतू आणि लावणीचा ऋतू

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणपणे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि जुनाट संधिवाताचा, म्हणजे सांध्यांत दीर्घकाळ सूज, वेदना व ताठरपणा आणणाऱ्या विकारांचा, या प्रदेशातील इतिहास या पावसाला वगळून सांगता येत नाही. आयुर्वेदाने हा संबंध फार पूर्वी सूत्रबद्ध केला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’नुसार वात ग्रीष्मात साचतो, वर्षा ऋतूत प्रकोप पावतो आणि शरदात शमतो, पुढे ‘माधवनिदाना’त आमवाताला, म्हणजे न पचलेला अन्नरस किंवा ‘आम’ वातासह सांध्यांत ठाण मांडून बसल्याने होणाऱ्या रोगाला, स्वतंत्र अध्याय मिळाला. निर्गुडीचा पाला शेकून बांधणे आणि एरंडेल चोळणे हे घरगुती उपचारही याच समजुतीशी जुळणारे आहेत.

मात्र हा भाताचा मुलूख आहे (कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919पासूनचे), आणि जो वाताचा ऋतू, तोच येथे लावणीचा. उन्हाळ्यात राब, म्हणजे पालापाचोळा, गवत व शेण पसरलेली रोपवाटिकेची जमीन, भाजायचा, पाऊस स्थिरावला की आवण, म्हणजे भाताची रोपे, उपटायचे आणि पाठीवर इरले घेऊन, घोटाभर चिखलात कमरेतून वाकून ते दिवसभर लावायचे, असा हा क्रम असून त्यातील लावणीचा मोठा भार स्त्रियांनी वाहिला आहे. त्यामुळे गुडघे आणि कंबर धरली तर दोष हवेचा किती आणि वाकण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड होते. कर्जत तालुक्यातच असलेले, ह्यू मॅलेटने 1850मध्ये नावारूपाला आणलेले माथेरान थंड हवेसाठी गाजले; पण पाऊस लागला की पाहुणे डोंगर उतरत आणि पायथ्याची माणसे शेतात उतरत. पाऊस टाळण्याची सोय सर्वांना नव्हती, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आधुनिक संशोधनाची साक्ष सावध आहे. रेडेलमायर आणि ट्वर्स्की यांना 1996च्या अभ्यासात 18 रुग्णांच्या वेदना व हवामान यांत संबंध आढळला नाही; 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2,658 जणांच्या ब्रिटिश अभ्यासात दमट हवा, कमी वायुदाब आणि जोरदार वारा यांचा वेदनेशी संबंध दिसला, पण तो माफक होता. पावसाचा आणखी एक मार्ग डासांचा आहे: 2006मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या चिकुनगुन्याचा ताप काही दिवसांत उतरतो, परंतु सांधेदुखी काही रुग्णांत महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे रेंगाळते. म्हणून वाग्भटाचे ऋतुनिदान सरसकट मोडीत काढता येत नाही, तसे ते पुरेसेही ठरत नाही. त्या दोन्ही अभ्यासांत नोंद झाली ती हवेची आणि वेदनेची, चिखलातल्या लावणीची नव्हे.