चार गिगाबाइटची वेस

सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेली मोठी प्रतिमा उघडताना संगणक ‘मेमरी अपुरी’ अशी सूचना देऊन थांबतो, तेव्हा दोष बहुधा रॅमच्या माथी मारला जातो. या अडचणीचे कूळ शोधत मागे गेल्यास मात्र तिची मुळे दोन असल्याचे आढळते. प्रक्रिया चालू असताना माहिती ज्या तात्पुरत्या साठ्यात असते तो साठा, म्हणजे रॅम, तोकडा असणे हे एक मूळ. आणि साठ्यातील किंवा फाइलमधील प्रत्येक जागेला जो क्रमांक, म्हणजे पत्ता, द्यावा लागतो तो लिहिण्यासाठी राखलेले बिट कमी पडणे हे दुसरे. पहिल्यावर पैसा हा उपाय काही अंशी चालतो. दुसरे फाइलच्या आणि संगणकभाषेच्या घडणीतच रुजलेले असल्यामुळे रॅम कितीही वाढवली तरी जागचे हलत नाही.

काचपट्टीवरील ऊतीचा छेद स्कॅन करताना एका पिक्सेलला ०.२५ मायक्रोमीटर हे प्रमाण सर्रास वापरले जाते. १५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब छेद या प्रमाणाने टिपल्यास ६०,००० गुणिले ८०,०००, म्हणजे ४८० कोटी पिक्सेल होतात, आणि तीन रंगांसाठी प्रत्येकी एक बाइट धरल्यास ही एकच प्रतिमा १४.४ गिगाबाइट जागा व्यापते.

अशा प्रतिमा दीर्घकाळ ज्या स्वरूपात साठवल्या गेल्या ते टिफ सूक्ष्मदर्शकासाठी जन्मलेच नव्हते. स्कॅन केलेली चित्रे छपाईच्या पानात बसवता यावीत म्हणून सिॲटलच्या ऑल्डस कंपनीने १९८६ साली ते आखले. टिफ फाइलचे पहिले आठ बाइट उलगडून पाहिले तर पुढच्या साऱ्या अडचणीचे बीज तेथे दिसते. पहिल्या दोन बाइटांत बाइटांचा क्रम सांगणारी ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ ही अक्षरजोडी असते, पुढच्या दोहोंत ४२ ही ओळख पटवणारी संख्या असते, आणि उरलेल्या चारांत प्रतिमेची लांबी, रुंदी, रंग यांची नोंद फाइलच्या आरंभापासून किती अंतरावर आहे तो आकडा असतो. चार बाइट म्हणजे ३२ बिट, आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ जागांपलीकडे मोजणी जात नाही. चार गिगाबाइटची वेस ती हीच. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मॅकिंटॉश प्लसमध्ये अवघी एक मेगाबाइट रॅम होती हे ध्यानात घेतले, तर आखणी करणाऱ्यांना अदूरदर्शी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुढे आलेल्या बिगटिफमध्ये ४२ च्या जागी ४३ आणि अंतराच्या आकड्यासाठी ६४ बिट आले.

दुसरी वेस संगणकभाषेची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि १९९७ मध्ये त्याचा वारसा चालवणारा इमेजजे जावा भाषेत आणला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो घरोघरी पोहोचला असे म्हणता येईल. जावामध्ये एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग मोजणारा पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हाकडे जातो, म्हणून रांगेत २,१४,७४,८३,६४७ हून अधिक घटक मावत नाहीत. इमेजजे प्रतिमेचे एक प्रतल, म्हणजे तिचा एक सपाट थर, एका रांगेत ठेवतो, त्यामुळे वर सांगितलेला ४८० कोटी पिक्सेलांचा छेद २५६ गिगाबाइट रॅमच्या यंत्रावरही त्यात अखंड उघडत नाही. टिफच्या वेशीतून मात्र इमेजजेने वाट काढली: चार गिगाबाइटहून मोठ्या फाइलमध्ये तो फक्त पहिल्या प्रतलाची नोंद लिहितो, बाकीची प्रतले त्यामागे सलग रचतो आणि त्यांची संख्या वर्णनाच्या मजकुरात टिपून ठेवतो. हा संकेत ठाऊक नसलेल्या प्रोग्रामला अशा फाइलमध्ये एकच प्रतल दिसते आणि बाकीची माहिती हरवल्याचा भास होतो.

सगळी माहिती एकाच वेळी रॅममध्ये हवी हा हट्ट सोडण्याची कल्पना याहून बरीच जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृती १६ हजार शब्दांची आणि फिरत्या ड्रमवरील संथ स्मृती ९६ हजार शब्दांची होती. ५१२ शब्दांचे एकेक पान गरजेनुसार ड्रमवरून आत येई व नको झालेले बाहेर जाई, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच साठा असल्यासारखे वागता येई. आभासी स्मृती ती हीच. इमेजजेमधील ‘व्हर्च्युअल स्टॅक’ ही सोय त्याच कुळातली असून तीत डोळ्यासमोरचे प्रतल तेवढे डिस्कवरून वाचले जाते. म्हणूनच एका प्रतलात केलेला बदल जतन न करता पुढच्या प्रतलावर गेल्यास तो नाहीसा होतो.

प्रतल स्वतःच अवाढव्य असेल तर एवढ्याने भागत नाही. १९९२ च्या टिफ ६.० मध्ये प्रतिमा चौकोनी फरशांत तोडून साठवण्याची तरतूद झाली, आणि तिला जोड मिळाली ती प्रतिमा-पिरॅमिडची, जिचा विचार तानिमोटो व पावलिडिस यांनी १९७५ मध्येच मांडला होता. मूळ प्रतिमेची लांबी-रुंदी निम्मी करत एकावर एक लहान प्रती रचल्या की प्रत्येक पायरीला पिक्सेल पाव होतात, म्हणून साऱ्या पायऱ्या मिळून साठा जेमतेम एक तृतीयांशाने वाढतो. त्या बदल्यात दुरून पाहताना वरची लहान प्रत आणि जवळून पाहताना खालच्या पायरीवरील मोजक्या फरशा वाचून काम होते.

२००४ मध्ये हायडेलबर्ग येथे हुइस्केन, स्टेल्झर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या पातळ पडद्याने जिवंत भ्रूण उजळून पाहण्याची रीत पुढे आणली, तेव्हा फरशीचा चौकोनही अपुरा पडला. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलांची १६ बिटी १,००० प्रतले सुमारे आठ गिगाबाइट होतात. ही प्रतले एकामागून एक रचलेली असतील आणि अभ्यासकाला त्यांना छेदणारा उभा काप हवा असेल, तर प्रत्येक प्रतलाच्या प्रत्येक ओळीतून एकच पिक्सेल उचलावा लागतो. चार मेगाबाइटांच्या कापासाठी जवळजवळ अख्खी फाइल चाळली जाते. तीच माहिती ६४ पिक्सेल बाजूच्या घनांत तोडली तर त्या कापाला ५१२ घन पुरतात आणि वाचन २५६ मेगाबाइटांवर येते. या घनांना ‘चंक’ म्हणतात. ड्रेस्डेन येथे घडलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिगडेटाव्ह्यूअरने एचडीएफ५ स्वरूपात असे चंक पिरॅमिडसह ठेवले. मलेरियाच्या जनुकीय माहितीवर काम करणाऱ्या ॲलिस्टेअर माइल्स यांचे झार हे स्वरूप पुढे सूक्ष्मदर्शनात ओएमई-झार म्हणून रुळले.

पाहण्याचा प्रश्न एवढ्याने बराचसा सुटला, मोजण्याचा तितका सुटला नाही, आणि संशोधकाला खरी कळकळ मोजण्याचीच असते. दोन घनांच्या सीमेवर कापले गेलेले पेशीकेंद्रक दोनदा मोजले जाऊ नये म्हणून प्रत्येक घनासोबत शेजारच्या घनांची एक पट्टी वाचावी लागते आणि दोन्ही बाजूंनी दिलेले क्रमांक मागाहून जुळवावे लागतात. प्रतिमेतील धूसरपणा गणिताने काढणाऱ्या डीकन्व्होल्यूशनमध्ये तर सूक्ष्मदर्शक एक प्रकाशबिंदू जितका पसरवतो निदान तितकी रुंद पट्टी घ्यावी लागते, आणि पट्टी जसजशी रुंदावते तसतशी रॅमची मागणी पुन्हा चढू लागते.