दापोडीच्या रस्त्यावरील उष्णतेची काटकसर

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें जातांना बोपोडी मागें टाकून मुळा नदीवरील हॅरिस पूल ओलांडला कीं दापोडी लागते. इतिहासाच्या पुस्तकांत या गांवाचें नांव येतें तें बहुधा 1817 सालच्या खडकीच्या लढाईच्या निमित्तानें. पेशव्यांच्या पगारावर असलेली कॅप्टन फोर्ड याची पलटण येथूनच निघाली आणि 5 नोव्हेंबर रोजीं पेशव्यांच्या नव्हे, तर इंग्रजांच्या बाजूस जाऊन उभी राहिली. ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु दापोडीला आणखी एक इतिहास आहे. तो तलवारीचा नव्हे, जळणाचा आहे. रासायनिक कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, कमी कसा करावा हा प्रश्न आज साऱ्या जगापुढें उभा आहे. त्याच्या उत्तराचा कांहीं भाग याच रस्त्याच्या कडेला घडला आहे.

फोर्ड याचा दापोडी येथील बंगला 1828 सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत सरकारनें विकत घेतला आणि तेथें वनस्पतींची एक सरकारी बाग उभी राहिली. 1838 पासून तिची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शस्त्रवैद्याकडे होती. हाच गिब्सन 1847 सालीं मुंबई इलाख्याच्या जंगलांचा संरक्षक झाला. कोंकणांतील डोंगर उघडे पडत चालले तसे झरे आटूं लागले, ही गोष्ट त्यानें सरकारच्या नजरेस आणून दिली. जळणाचा आणि हवापाण्याचा कांहीं संबंध आहे, ही जाणीव दापोडीच्या परिसरांत अशी पावणेदोनशें वर्षांपूर्वींची आहे.

त्या संबंधाचें शास्त्र पुढें स्पष्ट झालें. लाकूड असो, कोळसा असो वा तेल असो, त्यांतील 12 भाग कर्ब जळला म्हणजे 44 भाग कर्बद्विप्राणिद तयार होतो. एक किलो कर्बापासून साडेतीन किलोंहून अधिक वायु हवेंत जातो. हा वायु उष्णता अडवितो, हें जॉन टिंडल यानें 1859 मध्यें प्रयोगानें दाखविलें. आणि 1896 सालीं स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यानें, हवेंतील त्याचें प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचें तपमान किती वाढेल, याचें गणित मांडलें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत हा वायु सुमारें 280 भाग होता. आज तो 420 भागांहून अधिक आहे.

योगायोग असा कीं, त्याच स्वीडनमध्यें गुस्ताफ दे लाव्हाल या इंजिनियरानें दुधांतून साय वेगळी काढणारें यंत्र सिद्ध केलें आणि 1883 सालीं एक कंपनी स्थापन केली. तिच्या हिंदुस्थानांतील व्यवसायास 1937 सालीं ‘व्हल्कन ट्रेडिंग कंपनी’ या नांवानें आरंभ झाला, आणि पुढें दापोडीस ‘अल्फा लाव्हाल’चा कारखाना उभा राहिला. तेथें तयार होणाऱ्या वस्तूंपैकीं आपल्या विषयाशीं निगडित वस्तु म्हणजे प्लेटांचा हीट एक्स्चेंजर. याची मूळ कल्पना लंडनच्या रिचर्ड सेलिगमन याची. 1923 सालीं दूध तापविण्यासाठीं त्यानें ती अमलांत आणली. पन्हळी पाडलेल्या पातळ धातूच्या प्लेटा एकमेकींलगत आवळून बसवावयाच्या. एका फटींतून बाहेर जाणारा गरम द्रव आणि शेजारच्या फटींतून आंत येणारा थंड द्रव वाहूं द्यावयाचा. दोघांची भेट होत नाहीं. परंतु जाणारा आपली ऊब येणाऱ्याच्या ओंजळींत टाकून जातो. हें उपकरण थोड्या जागेंत मावतें आणि प्लेटा वाढवून त्याची शक्ति वाढवितां येते. म्हणूनच दाटीवाटीच्या जुन्या कारखान्यास तें विशेष सोयीचें ठरतें.

याच रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं कासारवाडी येते. तेथें फोर्ब्स मार्शल या कंपनीनें ब्रिटनमधील स्पायरॅक्स-सार्को कंपनीच्या सहकार्यानें वाफेच्या नळांवर बसवावयाचीं उपकरणें बनविण्यास आरंभ केला. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करण्यास सुमारें 540 किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ही वाफ काम करून थंडावली कीं तिचें पुन्हां पाणी होतें. हें पाणी बाहेर जावें, परंतु वाफ निसटूं नये, यासाठीं ‘स्टीम ट्रॅप’ नांवाचा छोटा पहारेकरी बसवितात; आणि तें ऊन पाणी गटारांत न सोडतां बॉयलरकडे परत नेतात. बॉयलरला मिळणारें पाणी सहा अंश अधिक ऊन असेल तर सुमारें शेंकडा एक इंधन वांचतें, असा कारखान्यांतील ढोबळ हिशेब आहे. आणखी पुढें चिंचवडास थर्मॅक्स. आदि भाथेना यांनीं 1966 सालीं ‘वॅन्सन इंडिया’ या नांवानें हा उद्योग काढला. रोहिंटन आगा यांनीं तो वाढविला. धुराड्यांतून फुकट जाणाऱ्या गरम वायूंवर चालणारे बॉयलर, आणि टाकाऊ उष्णतेच्या बळावर गारवा निर्माण करणारीं यंत्रें, हें त्याचें वैशिष्ट्य.

श्रोतेहो, या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशीं पृथ्वीची काळजी होती असें मात्र समजूं नये. मुळाशीं होती ती तेलाची किंमत. 1973 च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल आवळलें आणि कांहीं महिन्यांत त्याची किंमत जवळजवळ चौपट झाली. तोंवर वाफेच्या गळतीकडे काणाडोळा करणारे कारखानदार एकाएकीं उष्णतेचा जमाखर्च मांडूं लागले. त्याच दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ यानें, एखाद्या कारखान्यास कमींत कमी किती उष्णता पुरेल हें आधींच काढण्याची ‘पिंच’ नांवाची पद्धति बसविली. त्यामुळें जुन्या कारखान्यांत नवी जोड नेमकी कोठें द्यावी हें कागदावर दिसूं लागलें. क्षारांच्या कारखान्यांत पाऱ्याचे घट काढून पडद्याचे घट बसविण्यांत आले. त्यांनीं पाऱ्याचें विष टळलें आणि वीजही वांचली.

परंतु या काटकसरीची मर्यादा ओळखली पाहिजे. रासायनिक कारखान्यांतून हा वायु दोन वाटांनीं निघतो. एक वाट भट्टीची. दुसरी खुद्द रसायनक्रियेची. ट्रॉम्बे किंवा थळ येथील खतकारखान्यांत नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून अमोनिया करतात, तेव्हां त्या वायूंतील कर्ब कर्बद्विप्राणिदाच्या रूपानें वेगळा होणारच. तेथें कितीही प्लेटा बसविल्या तरी तो टळत नाहीं. त्याचा बराचसा भाग युरिया करण्यास उपयोगी पडतो हें खरें. पण युरिया शेतांत पडून विघटला कीं तोच वायु पुन्हां हवेंत जातो. म्हणजे धुराड्याचें कर्ज शेताच्या खात्यावर मांडलें, एवढेंच. हें कर्ज खरोखर फेडावयाचें तर हायड्रोजनच दुसऱ्या मार्गानें, सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेनें पाणी फोडून, मिळविला पाहिजे.

दुसरी मर्यादा मनुष्यस्वभावाची. किंमतीच्या धाकानें आलेली काटकसर किंमत उतरतांच ढिली पडते. शिवाय वांचलेल्या इंधनावर उत्पादन वाढविलें तर धुराड्याचा एकूण धूर होता तेवढाच राहतो. म्हणून कायद्याची गरज पडली. 2001 सालीं ऊर्जासंवर्धनाचा कायदा झाला. 2012 पासून खत व क्षार यांसह आठ उद्योगांतील 478 कारखान्यांस इंधनबचतीचीं उद्दिष्टें नेमून देण्यांत आलीं. आणि 2023 मध्यें कर्बाच्या देवघेवीची योजना जाहीर झाली. जो वायु आजवर कोणाच्याच वहींत लिहिला जात नव्हता, त्यास आतां पान मिळूं लागलें आहे.

दापोडीच्या बागेंत बसून गिब्सननें सरकारला जें सांगितलें त्याचें सार हेंच होतें कीं, जें आपण फुकट समजतों त्याचीही किंमत कोणीतरी मोजीत असतो. त्याच्या काळीं ती कोंकणच्या आटत्या झऱ्यांनीं मोजली. आज ती कोण मोजणार, हें पुढची पिढी आपल्याला विचारल्याशिवाय राहणार नाहीं. तेव्हां उत्तर म्हणून केवळ यंत्रें दाखवून भागणार नाहीं; धुराचा चोख हिशेबही दाखवावा लागेल.