एक, अनेक और एकता

एक, अनेक और एकता : (१९७४). फिल्म्स डिव्हिजनचा हिंदी बालबोधपट. हाताने काढलेल्या चित्रांचा हा सचेतनपट सुमारे सात मिनिटांचा आहे. दिग्दर्शन विजया मुळे (१९२१–२०१९), अ‍ॅनिमेशन भीमसेन, संगीत वसंत देसाई (१९१२–७५). उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला.

कथा : ‘अनेक’ म्हणजे काय, असे धाकटा भाऊ विचारतो. ताई त्याला सूर्य-चंद्र आणि तारे दाखवते, मग खारी आणि फुलपाखरे दाखवते आणि शेवटी पाखरांची गोष्ट गाऊन सांगते. दाणे टिपायला उतरलेली पाखरे शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकतात, सगळी मिळून पंखांना जोर लावतात आणि जाळ्यासकट उडून जातात. पुढे त्यांचे मित्र उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. पंचतंत्रातील चित्रग्रीव कबूतर आणि हिरण्यक उंदीर यांच्या कथेचे हे बालरूप होय.

संगीत आणि चित्रशैली : वॉल्ट डिस्ने यांच्या १९२९ पासूनच्या ‘सिली सिम्फनीज’ लघुपटांत पशुपक्षी वाद्यवृंदाच्या तालावर नाचतात, आणि गोष्ट बहुधा त्या नाचाच्या निमित्तापुरती असते. इथे गाणे स्वतःच गोष्ट सांगते. भाऊ मध्येच प्रश्न विचारतो, ताई गात उत्तर देते, त्यामुळे बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले हे जाणवत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) यांतील प्रार्थनांना चाली देणाऱ्या देसाईंनी इथेही मुलांच्या गळ्याला सहज पेलेल अशी चाल दिली. कोकणातील दाभोळच्या साधना सरगम (जन्म १९६९) यांनी यात गायले तेव्हा त्या अवघ्या पाच वर्षांच्या होत्या. अखेरचे एकतेचे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे आहे. साध्या रेषा आणि सपाट रंग यांमुळे लक्ष गोष्टीवरून ढळत नाही. उपदेश वेगळा सांगावा लागत नाही, पाखरे उडाली की तो कळतो.

महत्त्व : दूरदर्शनवर वारंवार दाखवला गेल्याने हा लघुपट घरोघरी पोहोचला. गाणे पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले, कर्त्यांची नावे मात्र मागे राहिली. मुळे, देसाई आणि सरगम या तीन मराठी कलावंतांचा सहभाग असलेला हा लघुपट भारतीय बालचित्रपटांतील अव्वल दर्जाची कृती ठरतो.