छत्रपती संभाजीनगर ते बोधगया : अंतर किती, वेळ किती?

थंडी सुरू झाली की मराठवाड्यातील उपासक-उपासिका धम्मयात्रेची तयारी करू लागतात. त्या वेळी पहिला प्रश्न असतो तो अंतराचा. इंटरनेटवर त्याचे उत्तर लगेच मिळते, पण ते अर्धवट असते.

हवाई अंतर : चिकलठाणा विमानतळ ते गया विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ११२० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला, तर साधारण दोन तास होतात. इंटरनेटवर दिसणारी वेळ ही अशीच गणिताने काढलेली असते. या दोन शहरांमध्ये नियमित थेट विमानसेवा नाही, त्यामुळे या दोन तासांचे तिकीट कोणालाच मिळत नाही.

प्रत्यक्ष विमानप्रवास : बहुतेकांना दिल्लीमार्गे जावे लागते. संभाजीनगर-दिल्ली सुमारे ९८० आणि दिल्ली-गया सुमारे ८९० किलोमीटर, म्हणजे एकूण १८७० किलोमीटर. दोन्ही विमानांचे मिळून पावणेचार तास धरावेत. त्याशिवाय दिल्लीतील थांबा असतो. वेळा जुळल्या नाहीत तर रात्रही तिथेच काढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके असते, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

रेल्वे : संभाजीनगरहून मनमाड ११३ किलोमीटर. तिथून जबलपूर-प्रयागराजमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या मेलने गया सुमारे १४५० किलोमीटर. प्रवासाला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. गया स्टेशनपासून बोधगया साधारण १५ किलोमीटर आहे.

रस्ता : नागपूर, जबलपूर, वाराणसीमार्गे सुमारे १४०० किलोमीटर. यात्रेच्या बस बहुधा याच बाजूने जातात, कारण वाटेत सारनाथ होते.

तिकीट काढताना : संभाजीनगरसाठी 'आयएक्सयू' आणि गयेसाठी 'जीएवाय' हे विमानतळांचे कोड आहेत. दोन्ही विमानांचे तिकीट शक्यतो एकाच बुकिंगमध्ये घ्यावे. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. दिल्लीत टर्मिनल बदलावे लागते का, हे आधी पाहावे. वयस्कर आई-वडिलांसाठी व्हीलचेअरची विनंती बुकिंगच्या वेळीच करावी.

हा हिशेब केवळ किलोमीटरचा नाही. धुणीभांडी करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या आया-बहिणी वर्षभर पैसे साठवून यात्रेला निघतात. वाटेत वाढलेला प्रत्येक दिवस म्हणजे त्यांची बुडालेली मजुरी. म्हणून यात्रेचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला 'किती किलोमीटर' एवढेच विचारून थांबू नये. घरातून निघून परत घरी येईपर्यंत किती दिवस, किती मुक्काम, किती ठिकाणी गाडी बदलायची, हे लेखी घ्यावे.

एक तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. बँकॉक ते गया हे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक, आपल्या जवळपास दुप्पट. तरीही यात्रेच्या हंगामात तिथून थेट विमान येते आणि थाई उपासक सुमारे तीन तासांत पोहोचतात. अजिंठा-वेरूळ ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या उपासकाचा मात्र अख्खा दिवस जातो. अजिंठा आणि बोधगया या दोन जागतिक वारसास्थळांना जोडणारे एखादे हंगामी विमान असावे, ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडायला हवी.